तंत्रस्नेही गुरुजी

आष्टी तालुक्याच्या कडेला, बीड जिल्हा संपून अहिल्यानगर जिल्हा लागतो तिथल्या कुठल्याही वस्तीवर हे गुरुजी सापडतात. शाळा द्विशिक्षकी, चौथीपर्यंत. दुसरे शिक्षक कायम प्रशिक्षणाला, त्यामुळे चारही वर्ग यांच्याच गळ्यात. खिशाला दोन पेन, खांद्याला लॅपटॉप, हातात पॉवर बँक. गावात त्यांना ‘लिंकवाले सर’ म्हणतात.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांतून तंत्रस्नेही शिक्षकांचं पीक निघालं. गुरुजींनी लोकवर्गणी काढली. ऊसतोडीच्या मुकादमानं ग्रामसभेत पाच हजार पुकारले, दिले तीन. प्रोजेक्टर आला, भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ अशी ठळक अक्षरं रंगली, नारळ फुटला. पुढं बिल थकलं आणि शाळेची वीज तोडली गेली. अक्षरं ऑइलपेंटची होती, ती टिकली.

पण गुरुजी हटले नाहीत. शेजारच्या म्हातारीच्या घरातून त्यांनी वायर ओढली. मोबदला म्हणून म्हातारी पहिल्या रांगेत बसू लागली. ग्रहांची चित्रफीत लागली की ती शनीला न चुकता हात जोडते. तिचं बघून पहिलीचा वर्गही जोडतो.

आता राहिली रेंज. ती शाळेत नाही. मारुतीच्या पाराच्या तिसऱ्या पायरीवर आहे, आणि तीही नगरकडच्या टॉवरची. तिथं गुरुजी फोन धरलेला हात वर करून उभे असतात. परगावचा माणूस त्यांना नवसाला आलेला समजतो. ग्रुपवर ‘अतितात्काळ’ येतं: आजच पाचच्या आत लिंक भरावी. ओटीपी साडेपाचला उतरतो.

‘‘सर, लिंक भरली का?’’ केंद्रप्रमुख विचारतात.

‘‘भरतोय साहेब. नुसतं गोल फिरतंय.’’

‘‘मग फिरतंय त्याचा स्क्रीनशॉट टाका.’’

स्क्रीनशॉट जायलाही रेंज लागते, हे साहेबांना सांगायला पुन्हा रेंज लागते.

२०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा गुरुजींना वाटलं, आला आपला काळ. राज्याची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला ते रोज पालकांना पाठवू लागले. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. तिचं वेळापत्रक त्यांनी पिठाच्या गिरणीवर चिकटवलं, कारण गावातलं प्रत्येक घर तिथं येतंच. पालक सांगत, ‘‘सर, फोन रानात मपल्याजवळ ऱ्हातो. लेकराला रातच्याला देतो.’’ रात्री लेकरू झोपलेलं असे. त्याच डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आमचे गुरुजी आठवडाभर ताठ चालले. बायको म्हणाली, ‘‘त्यांना सात कोटी मिळाले. तुम्ही निदान रिचार्जचे तरी काढा.’’

यथावकाश शाळा उघडल्या आणि ‘मिश्र अध्ययना’चं प्रशिक्षण आलं: थोडं वर्गात, थोडं दूरस्थ. गुरुजींना हसू आवरेना. बीडला हे शिकवायला हवं होतं होय? दसरा-दिवाळी उरकली की अर्धं गाव कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातं, ते पाडव्याच्या सुमारास परततं. हंगामी वसतिगृहाच्या आधारानं काही पोरं आजीजवळ राहतात, बाकीची आईबापाबरोबर फडात. वर्ग निम्मा इथं, निम्मा कोप्यांमध्ये.

मग गुरुजी रात्री मुकादमाला फोन लावतात. रिचार्ज नक्की असतो तो त्याच्याच फोनला.

‘‘मुकादम, जरा चौथीला फोन द्या.’’

‘‘चौथी वाढं आणायला गेलीय सर. दुसरी हाय, देऊ का?’’

दुसरी येते, धडा वाचते. मागं बैलांची घुंगरं आणि कुणाचा तरी खोकला. अडखळली की चुलीपुढून कुणीतरी पुढचा शब्द ओरडून सांगतं. तिची आई असते, मागच्या वर्षी हाच धडा ऐकून ऐकून तिला पाठ झालेला. मग चौथी वाढ्याचा भारा टाकून धापा टाकत येते आणि पाढे म्हणते.

या सगळ्याची नोंद गुरुजी लिंकमध्ये करायला जातात, तर पर्याय दोनच: ऑनलाइन आणि ऑफलाइन. मुकादमाच्या फोनचा रकाना नाही.

मध्यंतरी मुकादमाचाच फोन आला, आवाज चढलेला. ‘‘काय वो सर, हे काय शिकवून ठिवलंय? तुमच्या चौथीनं भर अड्ड्यावर बापाची उचल मांडली. म्हणं, दोन खेपा कमी धरल्यात. आता सगळे कोयते तिच्याकडं हिशोब घेऊन बसल्यात!’’

‘‘मग? चुकलं का तिचं?’’

मुकादम गप्प. मग म्हणाला, ‘‘चुकलं न्हाई, तेच तर म्हणतोय.’’

गुरुजींनी त्याच रात्री पुढच्या आठवड्याचं नियोजन बदललं आणि सरळव्याज घेतलं. हा घटक चौथीला नाही, असं केंद्रप्रमुखांनी बजावलं. गुरुजी म्हणाले, ‘‘साहेब, पुस्तकात नाही. उचलीत आहे.’’