गुणाकार स्थिर आहे का?

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतातच. आमच्या अण्णांनी जन्मभर आठवीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी सुटले, आम्ही सापडलो.

सभेत कुणी वैतागून म्हणतं, "आपल्याकडे मेंटेनन्स आणि सोयी व्यस्त प्रमाणात आहेत!" लगेच अण्णांचा चष्मा कपाळावर जातो, खिशातून पेन निघतं आणि कुणाच्या तरी वीजबिलाच्या पाठीवर दोन रकाने पडतात. "व्यस्त प्रमाण? मेंटेनन्स दुप्पट झाला तेव्हा लिफ्ट बरोबर निम्मेच दिवस चालली का? गुणाकार स्थिर आला पाहिजे!"

त्यांचं बरोबर असतं, हीच तर पंचाईत. एक वाढलं नि दुसरं घटलं, एवढ्यावर व्यस्त प्रमाण होत नाही. वयाबरोबर केस कमी होतात, पण तिशीतले साठीला नेमके निम्मे उरतील असं कुठलंही टक्कल लिहून देत नाही. रिक्षाचं भाडं अंतराच्या समप्रमाणात असतं म्हणणाराही सुटत नाही: "आणि पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं?"

मग 'लीलावती' निघते. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये त्रैराशिक सांगितलं, त्यातल्या तीन राशी म्हणजे प्रमाण, फळ आणि इच्छा. इच्छा वाढली की फळ घटतं, तिथे व्यस्त त्रैराशिक. हे सांगताना अण्णा न चुकता वहिनींकडे बघतात.

परवा विषय होता गच्चीवरची टाकी धुण्याचा. 4 माणसांना 6 तास. अण्णांनी झरझर लिहिलं: 8 माणसं, 3 तास, 24 माणसं, 1 तास. सेक्रेटरींना चेव आला. "मग 1440 माणसं लावा, मिनिटात काम फत्ते!" अण्णांचं पेन अडखळलं. टाकीत उतरायला झाकण एकच आहे.

"पोळ्यांचंही तेच," मागून वहिनी म्हणाल्या. "चौघी लाटायला बसल्या तरी तवा एकच असतो."

अण्णांनी शांतपणे तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं: तवे. सभा आणखी पाऊण तास चालली.

तेव्हा मंडळी, जवळपास असा कुणी अण्णा दिसला तर 'हे वाढलं की ते कमी होतं' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा तुम्हाला म्हणायचं असतं तेवढंच, आणि त्यात चूक काढता येत नाही.