सही कोणाची?

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर तीन घरचा. कायदा, नीतिशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा माझा विषय. कायदेवाले मला संगणकवाला समजतात, संगणकवाले खोडा घालायला आलेला वकील समजतात आणि तत्त्वज्ञानवाले तर समजूनच घेत नाहीत.

भाव मिळतो तो फक्त लग्नाच्या पंगतीत. "ड्रायव्हर नसलेल्या गाडीपुढे एकीकडून म्हातारा आणि एकीकडून पोरगं आलं, तर कोणाला वाचवायचं रे?" मामांना हा निकाल मठ्ठा येण्याच्या आत हवा असतो. एमआयटीच्या संशोधकांनी असे प्रश्न जगभर विचारून २०१८ मध्ये सुमारे चार कोटी उत्तरांचा हिशेब 'नेचर'मध्ये छापला. त्यात पूर्वेकडच्या देशांत लहानांना झुकतं माप जरा कमी निघालं. हे सांगितल्यावर मामांनी समाधानाने आणखी एक जिलबी घेतली.

अभ्यासक्रमाचं दुखणं निराळंच. तो अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत पोचेपर्यंत विषय पुढच्या गावाला गेलेला असतो. अशा वेळी मी युरोपाकडे बघून धीर धरतो. तिथे एआय कायद्याचा मसुदा एप्रिल २०२१ मध्ये मांडला गेला. काथ्याकूट चालू असतानाच नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरलं आणि त्याच्यासारख्यांसाठी नवी कलमं घालणं आलं. कायदा अमलात आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही टप्प्याटप्प्याने लागू होणारा. सत्तावीस देशांची ही तऱ्हा, तिथे आमचं मंडळ बिचारं काय करणार!

वर्गाला खरी जाग येते ती न्यूयॉर्कच्या गुडघ्याने. विमानात खाण्यापिण्याची ढकलगाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलाने चॅटजीपीटीकडून जुने निवाडे मागवले. पक्षकारांची नावं, न्यायालयं, उतारे, सगळं जिथल्या तिथे. फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. वकिलाने शंका म्हणून विचारलंही होतं, हे खरे आहेत ना? यंत्राने शांतपणे हो म्हटलं. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला.

"आणि मशीनला काहीच नाही, सर?" मागच्या बाकावरून हमखास येतं.

"नाही. कागदावर सही तिची नव्हती."

इतकी वर्षं शिकवून माझ्या हाती एवढंच लागलंय. यंत्र लिहील, मोजेल, सल्ला देईल, उद्या निकालाचा मसुदाही करेल. पण चुकल्यावर मान खाली घालून उभं राहायला माणूसच लागतो.

म्हणून यंदा प्रकल्पांच्या पहिल्या पानावर एक ओळ सक्तीची केली: 'यातल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी माझी.' खाली सही. टेबलावर पेन ठेवलं. रांगेतल्या पहिल्या तिघांनी ओळ वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि आपापला प्रकल्प हळूच उचलला.

"उद्या देतो सर. एकदा वाचून."