कोंबडेवाला आरोपी, मोबाईलवाला पीडित

धानाची मळणी उरकली की गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडच्या जंगलात झुंजीच्या कोंबड्यांचा भाव वधारतो. पायाला धारदार काती, भोवती रिंगण, मुठीत नोटा. मग धाड पडते. माणसं झुडपांत पांगतात. दुचाक्या आणि कोंबडे तेवढे मागे राहतात. पंचनाम्यात कोंबडा मुद्देमाल होतो आणि सापडलेल्यांवर लागतो 'मजुका', म्हणजे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा. मूळ कायदा 1887 चा, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला. त्यात पक्षी झुंजवणाऱ्याची तजवीज आहे. मोबाईल राणीला कुठून सुचणार?

ती तजवीज दिल्लीने वेगळ्या कायद्यात केली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैशांचा ऑनलाईन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख. आणि खेळणाऱ्याला? शिक्षा नाही. तो पीडित.

आता एकाच घरातले दोघे भाऊ घ्या. थोरला मोहाच्या झाडाखाली कोंबड्यावर पन्नास रुपये लावतो, तो आरोपी. धाकटा खाटेवर लोळत धानाचे अख्खे चुकारे फोनमध्ये घालवतो, तो पीडित. धाकट्याला सोडलं हे शहाणपणाचंच झालं. पण थोरला तरी कुठे बंगला बांधून बसलाय? तोही हरूनच घरी येतो, वर कोर्टाच्या तारखा.

खेळवणारा मात्र दोन्हीकडे दूर. महादेव या सट्ट्याच्या अ‍ॅपची सूत्रं भिलाईच्या मंडळींनी दुबईतून हलवली, असं ईडीचं म्हणणं. दुबईत लपायला झुडपं नाहीत, तरी तिथला माणूस हाती लागणं आमच्या जंगलातल्यापेक्षा अवघड. शिवाय बंदी आली की धंदा बंद होत नाही, वाट बदलतो. हे 1993 पासून दारूबंदीत राहणाऱ्या गडचिरोलीला कुणी शिकवू नये.

ऑनलाईन खेळांवर बंदी येण्याच्या महिनाभर आधी, जुलै 2025 मध्ये, विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसला. 'खेळत नव्हतो, आलेला गेम घालवत होतो,' असा त्यांचा खुलासा. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं.

आमच्या कोंबडेवाल्याला पशुसंवर्धन द्यायला अजून कुणी आलेलं नाही.