हेडरूमकाका

तुम्ही फ्रिज घेता. तो घरात येतो, त्याला हळदकुंकू वाहून होतं, आणि त्याच संध्याकाळी एक गृहस्थ येऊन फ्रिजच्या पाठीमागे डोकावतात. "घेतलास? मला विचारायचंस की." बस्स. पुढची दहा वर्षं तो फ्रिज तुम्हाला जरा कमीच थंड वाटतो. हे गृहस्थ प्रत्येक घराण्यात एक असतातच, तुमच्याकडचे कोण ते तुम्हाला एव्हाना आठवलेही असतील. आमच्या खंडाळ्यातले काका. फरक एवढाच, की मी घ्यायच्या आधी बोललो.

माझं ऑफिस म्हणजे बारा बाय दहाची खोली. मुंबईकरांचे बंद बंगले सांभाळायचे, मे महिन्यात ताडपत्र्या घालायच्या, सप्टेंबरात काढायच्या, असला धंदा. दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि सकाळी झाडूपोछा करणाऱ्या मावशी. एका बंगलेवाल्यानं माळा साफ करताना दोन चांगले लाकडी स्पीकर मला देऊन टाकले. आता त्यांना वाजवायला एक छोटा अँप्लिफायर हवा होता. नेटवरून परस्पर गाणी ओढणारा, स्वस्तातला. बजेट पंधरा हजार. हे मी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बोललो. शेजारी काका होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"किती वॅटचा?"

"असेल दहा-वीस."

"आणि हेडरूम?"

हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर किती वेळा ऐकला ते विचारू नका.

काकांचं म्हणणं असं. तुझ्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर 86 डेसिबल आवाज होतो. म्हणजे भर रस्त्यावरच्या रहदारीएवढा. मी म्हटलं, मग एक वॅट पुरे झाला! काका अशा वेळी डोळे मिटतात. "अरे, गाणं काय एका पातळीवर चालतं? मध्येच डग्ग्यावर थाप पडते. तीन डेसिबल चढायला वॅट दुप्पट लागतात. दहा चढायला दहापट. वीस चढायला?" वीस चढायला शंभरपट, हे मला बोटांवर मोजायला लावूनच ते उठले. एका थापेसाठी नव्व्याण्णव वॅट राखून ठेवायचे, त्याचं नाव हेडरूम.

"कर्जतला गाडीला मागून इंजिनं का लावतात?" दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारातच सुरुवात. "सदतीस फुटाला एक फूट चढ. कर्जतपर्यंत आली ना गाडी एका इंजिनावर? मग पुढं का नको? हेडरूम!" काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी बोरघाटात. त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न शेवटी घाटातूनच जातो.

मग मला सगळीकडे हेडरूम दिसायला लागली. काका चहाचा कप पाऊणच भरून घेतात. खिशात दोन रुमाल. नऊच्या गाडीला आठला स्टेशनवर. शर्ट एक नंबर मोठा. लग्नात जेवायला बसले की ताटाचा एक कोपरा शेवटपर्यंत कोरा. वाढप्यानं एकदा तिथं जिलबी टाकली, तर काकांनी ती उचलून शेजारच्या पोराच्या पानात ठेवली आणि कोपरा पुसून घेतला. यजमानांना वाटलं नैवेद्याची जागा असेल.

श्रावण असा गेला. मग क्लासचा विषय निघाला. बाजारातले हल्लीचे छोटे अँप्लिफायर बहुतेक क्लास डीचे असतात. डी म्हणजे डिजिटल नव्हे, ए, बी, सी झाले म्हणून पुढचा डी, ही माहिती काकांनी मला तीनदा आणि पोस्टमनला एकदा दिली. हे डीवाले वीज कमी खातात, तापत नाहीत, पुस्तकाएवढ्या डबीत मावतात. म्हणजे चांगलंच की. पण काकांना नेमकं तेच खटकलं. खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चपलेला बुरशी, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, फायलींना बुरशी. "इथं तापणारा अँप्लिफायर पाहिजे. क्लास ए. गाणंही वाजेल आणि फायलीही वाळतील." मी क्लास एची किंमत पाहिली आणि फायली ओल्याच ठेवायचं ठरवलं.

एकदा म्हणाले, "वीम घे. साठ वॅटचा आहे, नेट त्यातच आहे, 2023 साली आलाय." मावशी पोछा पिळता पिळता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? किराणावाल्याकडं आहे की." तो महिना आमच्याकडे वीम म्हटलं की आधी भांड्याचा का गाण्याचा, असं विचारावं लागे. काकांना यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही. आणि साठ वॅटवाला माझ्या पंधरा हजारांत बसत नव्हता, हे त्यांना क्षुल्लक वाटलं.

शेवटी आम्ही पुण्याला गेलो. रिक्षानं लोणावळा, तिथून लोकल, आणि मग बुधवार पेठेत तपकीर गल्ली. तपकीर गल्लीत पुरुषमाणूस शिरला की वायरींच्या वासानं त्याचं वय पंधरा होतं. काकांचं बारा झालं. पहिल्या दुकानात त्यांनी खिशातून गाण्यांची यादी काढली. बावीस गाणी. पठ्ठ्यानं प्रत्येक आठ सेकंद ऐकलं. लताबाईंचा श्वास ऐकायचा, गाणं नाही. भीमसेनांचा षड्ज लागतोय न लागतोय तोच "पुढं!" बासरीवाल्याची फुंकर ऐकली, बासरी राहिली. दुकानदार बिचारा मान डोलवायला मान तिरकी करी आणि ती तशीच अडके. 'गुलाम'मधलं आमच्या गावाचं ते 1998चं गाणं यादीत नव्हतं म्हणून त्यानं कौतुकानं आपण होऊन लावलं, तर काका म्हणाले, "ह्यात बास वर ढकललाय," आणि दुकानातून बाहेर पडले.

चार दुकानं झाली. संध्याकाळच्या लोकलनं आम्ही परतलो ते बनाना प्लगांची एक जोडी घेऊन. दीडशे रुपये.

त्या परतीच्या गाडीत मी जरा रागातच विचारलं, "काका, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होतात?" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सांधे. कॅच साइडिंगचे." घाटातून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले, तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवायला एक वेगळा रूळ असतो. सांधा एरवी त्या रुळाकडेच लावलेला. गाडी आधी थांबून दाखवते, मग तिला खरी वाट मिळते. "रोज ग्रीस, रोज तपासणी. पावसात, धुक्यात, रात्री." एकतीस वर्षं. "आणि किती गाड्या गेल्या त्यावरून?" "माझ्या वेळेला? एकही नाही." हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यात अभिमान किती आणि खंत किती, मला कळलं नाही. मळवली आलं, कामशेत मागे पडलं होतं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना काही उलट बोललो नाही.

पण राग गेला असं नाही. तो जायला आणखी आठवडा लागला.

झालं असं, की स्पीकर तरी तपासू म्हणून काका आपला जुना, लोखंडी खोक्याचा अँप्लिफायर घेऊन आले. तो लावताच दोन्ही स्पीकरमधून भुंग्यासारखी गूं सुरू झाली. मी म्हटलं, जुना आहे, गुणगुणणारच. काकांनी खिशातून टेस्टर काढला (टेस्टरही दोन), खोक्याला टेकवला. दिवा लागला. "तुझ्या बोर्डाला अर्थिंग नाही."

तेवढ्यात मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "मग त्या झेरॉक्सला बी नसेल. पुसताना मुंग्या येतात हाताला. दोन वर्सं सांगते मी सायबांना."

खरं होतं. दोन वर्षं सांगत होत्या. मी म्हणायचो, मावशी, मनाचे खेळ.

काका काही बोलले नाहीत. टेस्टर झेरॉक्सच्या पत्र्याला टेकवला. लागला दिवा. मग त्यांनी मावशींना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं: कुठल्या जागी मुंग्या येतात, ओल्या फडक्यानं का कोरड्या, पावसाळ्यात जास्त का, चप्पल असते का पायात. मावशी सांगत होत्या आणि काका ऐकत होते. चांगली दहा मिनिटं. "पुढं!" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमागं खड्डा. खंडाळ्यात खड्डा म्हणजे दोन फुटांवर कातळ, पहारीला ठिणग्या. तिसऱ्या जागी माती लागली. काका छत्रीखाली एका हातात लाकडी कोळशाची पिशवी आणि दुसऱ्यात खडेमीठ घेऊन उभे, गळ्यापर्यंत भिजलेले. पाइप, त्याभोवती एक थर कोळसा, एक थर मीठ. वायरमन म्हणाला, एवढा खोल कशाला? मी आत फायली लावत होतो, पण उत्तर मला न ऐकताच ठाऊक होतं.

अँप्लिफायर मग एका दिवसात ठरला. गाणी ओढायला एक छोटी डबी वेगळी, वाजवायला क्लास डीची डबी वेगळी. एक बिघडली तर दुसरी शाबूत. ब्लूटूथ नको, कारण गाण्याच्या मध्ये माझ्या फोनची रिंग वाजेल, डबीनं वाय-फायवरून परस्पर गाणं आणावं, हे काकांचंच. पंधरा हजारांत काही पैसे उरलेही. उरणारच, त्यांनी तसाच हिशोब केला होता.

परवाचा रविवार. बाहेर धुकं एवढं, की समोरची टपरी आवाजावरून ओळखायची. 1915पासून इथल्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरून वीज करतं आणि मुंबई उजळते. आमचे दिवे मात्र पहिल्या सरीलाच जातात. त्या दिवशी होते. काका तपासणीला आले, खुर्चीत बसले, मी त्यांच्या यादीतलं पहिलं गाणं लावलं. आठ सेकंद झाली. दहा झाली. मी वळून पाहिलं तर मान छातीवर. गाणं अंतऱ्याला गेलं, दुसऱ्या अंतऱ्याला गेलं. मावशी झेरॉक्स पुसत होत्या. पुसून झाल्यावरही उघडा तळवा त्या पत्र्यावर त्यांनी जरा वेळ तसाच ठेवला. खालून घाट चढणाऱ्या गाडीच्या मागच्या इंजिनाचा आवाज आला.

गाणं संपलं तसे काका जागे झाले.

"किती वर होता?"

"बावीसवर."

"शंभरातले?"

"हो."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर शिल्लक," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.