बहात्तर-अठरा

साताऱ्याकडं पोरगं बारावी झालं, की आधी त्याची छाती मोजतात. त्यात माझे मामा अपशिंगे मिलिटरीचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले, ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं, त्या गावच्या मामानं भाच्यासाठी दुसरं स्वप्न आणावं तरी कुठून? भरतीला छाती लागते ७७ सेंटिमीटर आणि श्वास भरल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगावी लागते. माझी तीनावर अडली. टेप धरणारा म्हणाला, "अजून ओढ." मी ओढला. फुगले ते फक्त डोळे.

मग कृष्णा जशी वाई-कऱ्हाड करत खाली सांगलीला जाते, तसा मीही गेलो. जीएनएम नर्सिंगला. आजीनं विचारलं, "म्हंजी तू शिष्टर हुनार?"

"सिस्टर नव्हं, ब्रदर."

"काय का आसंना, सुई टोचाय शीक म्हंजी झालं."

सुई फार लांब होती. पहिला महिना अंथरूण घालण्यात गेला. खालची चादर ओढायची, कोपरा उचलून ४५ अंशांत दुमडायचा, गादीखाली सारायचा. त्यावर मॅकिंटॉश, त्यावर ड्रॉ-शीट. उशीचं तोंड दाराच्या उलट बाजूला. मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली ते पाऊस अडवायला म्हणून काढलं. आमच्या वॉर्डात ते काय अडवतं हे त्याला कुणी कळवलं नसावं. चादरीला एक सुरकुती राहिली तरी मॅडम सगळं उपसून पुन्हा घालायला लावायच्या. त्याच सुरकुतीवर म्हातारं माणूस दिवसभर पडून राहिलं की पाठ सोलते, हे त्या नंतर सांगायच्या. आधी उपसायच्या.

मामांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश. "बराकीत आम्ही दुसरं काय केलं? फरक एवढाच, आमच्या बिछान्यावर माणूस नसायचा."

तोच तर सगळा फरक. लॅबमधली डमी वळवली की वळते. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकूंना स्पंजिंग करा, नाकातनं नळी घाला, दर दोन तासांनी कूस बदला, चकार शब्द नाही. इतका समजूतदार पेशंट पुढं आयुष्यात भेटला नाही.

इंजेक्शनला मात्र काकू पुरेनात. चाळीस पोरं टोचून टोचून त्यांच्या कमरेची चाळण झालेली. पुस्तकात संत्र्यावर सराव करा असं होतं. पण कृष्णाकाठी राहून संत्रं कोण आणतो? आम्ही मंडईतनं वांगी आणली. सुई ९० अंशांत, मनगटातनं झटका, दट्ट्या सावकाश. वांग्याला ओरडता येत नाही. रात्री मेसच्या मावशी म्हणाल्या, "ह्या बारीला वांग्यांस्नी लई पाणी सुटलंय बाई." चाळीस जणांनी खाली मान घालून जेवण संपवलं.

कमरेवर नेमकं कुठं टोचायचं, हे मला बाकीच्यांच्या आधी कळलं, कारण आमच्या भावकीत वाटण्यांच्या केसेस आहेत. मनात चार गट पाडायचे. वरचा बाहेरचा आपला. उरलेल्या तिन्हींत पाय टाकायचा नाही. तिकडून सायटिक नर्व्ह जाते, तिला धक्का लागला तर पेशंट लंगडत घरी जातो.

पहिलं खरं इंजेक्शन मिरजेत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलेलं हे गाव, आता गल्लोगल्ली दवाखाने. कर्नाटकातनंही पेशंट येतात. माझ्या वाट्याला आलेला गडी पालथा झाला आणि ओरडायला लागला, "नोव, नोव!"

मी म्हटलं, "नाव कशाला सांगताय, केसपेपरवर आहे की."

नोव म्हणजे कानडीत दुखणं, हे वॉर्डबॉय मामांनी सांगितलं. तोवर दट्ट्या खाली गेला होता.

पण माझी खरी फजिती झाली ती सगळ्यात सोप्या कामात. टीपीआर. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मनगटात लागते. श्वास मात्र चोरून मोजायचा असतो. पेशंटला कळलं की तो वेगळाच घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि नजर हळूच छाती-पोटाकडं न्यायची. पूर्ण एक मिनिट. तीस कॉटच्या वॉर्डात एवढी मिनिटं कुणाकडं असतात? म्हणून चार्टवर नाडी बहात्तर, श्वास अठरा. पुढच्या कॉटवर बहात्तर, अठरा. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय, जणू आळंदीचं भजन.

एकदा मॅडम मागंच उभ्या होत्या, म्हणून मी खरंच मोजायला बसलो. समोर तासगावकडची आजी. मनगट धरलं, घड्याळ धरलं, नजर वळवली.

"डाक्टर," आजी म्हणाली. मग माझी नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं, आणि डाक्टरचा एकदम लेक झाला. "काय बगतुयास रं लेका?"

शेजारच्या तीन कॉट उठून बसल्या. मी घाबरून खरं सांगून टाकलं, "आजी, श्वास मोजतोय."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" तिनं पदर सारखा केला, ताठ बसली, खांदे मागं टाकले आणि असा श्वास ओढला की आमच्या भरतीचा टेपवाला सलाम करून गेला असता. "हां. मोज."

श्वास कोंडूनच ठेवला होता. मोजू काय?

मॅडमनी खुणेनंच मला बाजूला घेतलं. दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी पुन्हा गेलो, पायाशी उभा राहिलो, पूर्ण मिनिट मोजलं. सव्वीस. मोठ्या माणसाचा श्वास बारा ते वीस असतो. पुन्हा मोजलं. सव्वीसच. स्टाफ सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला आणि मागचा चार्ट काढायला सांगितला. तीन दिवस सलग अठरा.

"हे कुणी भरलंय?" मॅडमनी विचारलं.

मी चार्टकडं पाहिलं. त्यातले दोन अठरा माझ्याच अक्षरात होते. सुबक, कोपरे दुमडल्यासारखे.