अडतीस अंशांचा उपासक

अमेरिकेच्या उपनगरांत, जेथे मोटार बहुधा घराबाहेर उभी असते आणि गॅरेज छंदांना बहाल केलेले असते, तेथे आढळणारा एक गृहस्थ स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. स्वतःच्या वापरापुरती बिअर घरी बनवण्याची मुभा तेथील केंद्रीय कायद्याने १९७८ साली, जिमी कार्टर अध्यक्ष असताना दिली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी मर्यादाही घातली; मात्र ती बिअर किती अंशांवर ठेवावी याविषयी कायद्याने मौन पाळले, आणि ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी या गृहस्थाने आपणहून शिरावर घेतली.

त्याच्या आराध्याचे नाव कीझर. केग, म्हणजे सुमारे १९ लिटरचे पोलादी पिंप, जे पुष्कळदा शीतपेयांच्या धंद्यातून निवृत्त होऊन आलेले असते, आणि फ्रीझर या दोन शब्दांच्या संधीतून ते सिद्ध झाले आहे. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा डीप फ्रीझर घेऊन त्याची पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात आणि तिच्यात तोट्या लावतात, कारण गारव्याच्या नळ्या पेटीच्या भिंतींतून फिरत असल्याने तेथे भोक पाडणाऱ्याच्या हाती बिअरऐवजी गॅस लागतो. तथापि जे यंत्र उणे १८ अंश सेल्सियसला मटार गोठवण्यासाठी जन्मले, त्याच्याकडून ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे सव्वातीन अंश सेल्सियस, एवढाच बेताचा गारवा मागणे हे पैलवानाला बाळाच्या अंगाला तेल लावायला बसवण्यासारखे असल्यामुळे, त्याला आवरण्यासाठी कंट्रोलर नेमावा लागतो. कंट्रोलर ही भिंतीतला सॉकेट आणि फ्रीझर यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी असून, प्रोब नावाच्या तारेच्या टोकाशी तिला जे तापमान कळते त्यानुसार ती वीज सोडते किंवा तोडते.

येथपर्यंत विज्ञान आहे. पुढे स्वभाव सुरू होतो. कंट्रोलरमध्ये तफावत नावाची सोय असते, म्हणजे ठरलेल्या अंशाच्या वर किती चढल्यावर यंत्राने जागे व्हावे याची सूट. या गृहस्थाला ३८ म्हणजे ३८ च हवे असल्याने तो ही सूट नाहीशी करू पाहतो आणि परिणामी कॉम्प्रेसर, नव्या सुनेसारखा, क्षणाक्षणाला उठबस करू लागतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटे लागतात आणि त्याआधी त्याला उठवले, तर तो दाबाविरुद्ध जोर लावताना जादा वीज ओढतो, तापतो आणि एके दिवशी कायमचा निजतो. म्हणूनच कंट्रोलरमध्ये काही मिनिटांच्या सक्तीच्या विश्रांतीचीही सोय असते, जिला हा गृहस्थ बिघाड समजतो.

प्रोब कोठे ठेवावा या प्रश्नावर या जमातीत तीन संप्रदाय आहेत. वायुवादी तो हवेत लोंबकळता ठेवतात, परंतु हवा चटकन तापते आणि चटकन निवते, त्यामुळे त्यांचा आकडा शेअर बाजारासारखा नाचतो. जलवादी तो पाण्याच्या बरणीत बुडवतात. पिंपवादी तो पिंपाच्या पोटाला चिकटवून वरून फोम बांधतात, जेणेकरून तो भोवतालच्या हवेचे न ऐकता आतल्या बिअरचे ऐकेल. तिन्ही संप्रदायांना एक सत्य मात्र मान्य करावे लागते, ते असे की थंड हवा तळाशी बसते, त्यामुळे तळ गार असतानाही वरची नळी कोमट राहते, कोमट नळीत बिअरमधला वायू सुटतो आणि पाहुण्याच्या पेल्यात निम्मा फेस येतो. यावर आत एक लहान पंखा लावून हवा ढवळत ठेवणे हा सर्वमान्य उपाय आहे. तो लावेपर्यंत पाहुण्याला फेसाबरोबर फेसाची मीमांसाही प्यावी लागते.

या व्यक्तिविशेषाची खरी परीक्षा भर उन्हाळ्यात होते. झाकण उघडताना प्रोब निसटून गॅरेजच्या फरशीवर पडतो, कंट्रोलर गॅरेजचे ९० अंश फॅरनहाइट वाचून इमानेइतबारे कॉम्प्रेसर चालू ठेवतो, आणि साधारण मद्यांशाची बिअर शून्याखाली दोन-तीन अंशांवर गोठत असल्याने सकाळपर्यंत पिंपांत बर्फ जमलेला असतो. अशा वेळी हा गृहस्थ प्रथम रिलेवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळीवर, संशय घेतो, मग नवा कंट्रोलर मागवतो, मग फ्रीझरच्या जुन्या थर्मोस्टॅटची झडती घेतो. पायाखाली आलेली तार त्याला सर्वांत शेवटी दिसते.

वस्तुतः दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे: प्रोब पिंपाला बांधावा, तफावत एखाद्या अंशाची ठेवावी, विश्रांतीच्या मिनिटांना हात लावू नये, पंखा चालू ठेवावा आणि झाकण उघडू नये. यांपैकी पहिली चार कामे तो आनंदाने करतो आणि ती नीट झाली का हे पाहण्यासाठी दर दहा मिनिटांनी पाचवे मोडतो. लागले का म्हणून विरजण हलवणाऱ्याच्या घरी दही जसे लागत नाही, तसे त्याच्या घरी तापमान ठरत नाही. अशा अनेक फ्रीझरना निर्मात्याने कुलूप दिलेले असते. त्याची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी.