तात्यांचा रोल-ऑफ

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तात्यांकडे गाणं ऐकायला जायचं, तर खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, मोजून ठेवलेली. तिच्यावर अर्थात तात्या. बाकीच्यांनी दिवाणावर, म्हणजे त्यांच्या मते ‘गाण्याच्या बाहेर’ बसायचं.

तात्यांचं वय ७४. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नीट तापेपर्यंत ते रेकॉर्डवर ब्रश फिरवतात, भिंगातून सुई बघतात आणि नव्या ट्वीटरचं कौतुक सांगतात. तो म्हणे ४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतो. तरण्याताठ्या माणसाचा कानही २०,०००ला हात टेकतो आणि तात्यांना घड्याळाचा गजर ऐकू येत नाही, हे मात्र त्या घरात बोलायचं नसतं.

उतारवयात आधी वरचे सूर जातात. खर्ज बिचारा टिकून राहतो. पंचाईत अशी, की बोलण्यातले स आणि श वरच्याच मजल्यावर राहतात. परवा काकूंनी शेपू आणायला सांगितला. तात्या टेप घेऊन आले. वायरींना गुंडाळायची, काळी, दोन रोल.

शेवटी मुलीने त्यांना कान तपासायला नेलं. तो आलेख पाहून दुसरा कोणी खचला असता. तात्या खूश! “बघ, १००० हर्ट्झपर्यंत एकदम फ्लॅट. पुढे जरा रोल-ऑफ आहे, इतकंच.” जरा म्हणजे सिंहगडाचा कडा. मग कानाचं यंत्र दाखवणाऱ्या पोरीला त्यांनी विचारलं, “डिस्टॉर्शन किती टक्के?” ती म्हणाली, “काका, ब्लूटूथ आहे.” तात्यांनी डोळे मिटून घेतले.

यंत्र घेतलं, पण पन्नालाल घोषांच्या बासरीशी त्याचं जमेना. त्यात खरं तर तात्यांचा हट्ट नव्हता. या यंत्रात माइक आणि स्पीकर अगदी शेजारी; शिट्टी वाजू नये म्हणून आत बंदोबस्त असतो आणि त्याला बासरीचा लांबवलेला सूरही शिट्टीच वाटू शकतो. लगेच तो सूर दाबायला धावतो. “याला गाण्यातलं काही कळत नाही,” म्हणून तात्यांनी ते काढलं आणि चालूच्या चालू डबीत घातलं.

डबीतून बारीक कुंऽऽई सुरू झालं. मी म्हटलं, “तात्या, शिट्टी येतेय.”

तात्या ताडकन उठले. सुई उचलली, वायरी हलवल्या, अर्थिंग तपासलं, डावा व्हॉल्व्ह फडक्यात धरून बदलला. मग खुर्चीत बसून, मान किंचित कलती करून, मन लावून ऐकलं.

“किती हर्ट्झची?”